आधी कोणाचे उत्तर दिसावे?

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका बाईंनी घरातल्या पेटीत सापडलेल्या मोडी कागदाचे छायाचित्र आमच्या गटाकडे पाठवले. तो एक कौलनामा होता. वर 'छ ५ रमजान' आणि 'सु॥ सलास सितैन मया व अलफ' असे वर्ष. प्रश्न साधा होता : हा कागद कधीचा?

तासाभरात एक उत्तर आले. सलास म्हणजे तीन, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार, एकूण ११६३. महिना रमजान, म्हणून सन हिजरी. हिजरी ११६३ चा रमजान म्हणजे ऑगस्ट १७५०. उत्तर नीटनेटके होते, बेरीज दाखवलेली होती. चौदा जणांनी त्याला पसंती दिली. चार दिवसांनी आमच्या मोडीच्या गुरुजींनी लिहिले, की महिना चांद्र असला तरी सन हिजरी नव्हे, शुहूर आहे. 'सु॥' हा त्याचाच संक्षेप. शुहूर सन सौर असतो, मृग लागला की बदलतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे हा रमजान मार्च १७६३ मधला. या उत्तराला एक पसंती मिळाली. ती माझी होती.

१७५० साली पेशवेपदावर नानासाहेब होते, १७६३ साली माधवराव. मध्ये पानिपत होऊन गेलेले. तेरा वर्षांचा हा फरक लहान नाही. पण त्या बाईंच्या पडद्यावर चौदा पसंतींचे उत्तर वर होते आणि बरोबर उत्तर खाली. त्यांनी वरचे घेतले आणि तेच गावच्या यात्रेच्या स्मरणिकेत छापून आले.

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. चूक पहिल्या उत्तरकर्त्याची होतीच, पण ती कोणाकडूनही व्हावी अशी होती. मी स्वतः शिकत असताना ती दोनदा केली आहे. खरी चूक मांडणीत होती. कोणाचे उत्तर आधी दिसावे, हे तिथे कोणा माणसाने ठरवले नव्हते. एका सॉफ्टवेअरने ठरवले होते. आणि ते सॉफ्टवेअर मोडी कागदांसाठी कोणी बनवलेले नव्हते.

आमची गरज

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे, नोकरी सहकारी बँकेतली. मोडी शिकले ती चौतिसाव्या वर्षी, रविवारच्या वर्गात. संगणकाचे म्हणाल तर तेही असेच, अडत-धडपडत. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते संगणकशास्त्रज्ञाचे लिखाण नाही. एका वापरणारीने दोन वर्षे केलेल्या शोधाचा तो हिशेब आहे.

आमच्या गटात मोडी नीट वाचणारे पंधरा-सोळा जण आहेत. त्यांतले निम्मे सत्तरी ओलांडलेले. प्रश्न विचारणारे मात्र वाढत चालले. २०२३ नंतर राज्यभर जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. आधी लोक विचारत, 'आजोबांच्या कागदात काय लिहिले आहे?' आता विचारू लागले, 'या शाळेच्या रजिस्टरात हा शब्द कुणबी आहे ना?' त्या 'ना'मध्ये मुलाचा प्रवेश असतो, नोकरी असते. आम्ही दिलेले वाचन कचेरीत चालत नाही, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. तरी त्याच्या भरवशावर लोक पुढचा खर्च करतात, वकील गाठतात.

आधी हे सगळे एका फुकट सेवेवर चाले. एक दिवस ती सेवा बंद होत असल्याची सूचना आली, मुदत थोडी होती, आणि सामान बाहेर काढायची सोय अर्धवट. तीन वर्षांची उत्तरे गेली. त्यांत गुरुजींची शंभरेक उत्तरे होती. गुरुजी तोवर गेले होते. स्वतःची प्रणाली उभी करायची हे त्यानंतर ठरले. पण कोणती?

कॉफीगृहापासून पडद्यापर्यंत

निवड करण्याआधी या जातीचा पूर्वेतिहास पाहावा, असे मला वाटले. तो वाटला त्यापेक्षा जुना निघाला. १६९१ साली लंडनमध्ये जॉन डंटन या पुस्तकविक्रेत्याने 'अथेनियन मर्क्युरी' हे पत्र काढले. त्यात दुसरे काही नसे, केवळ वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे. लोक एका कॉफीगृहाच्या पत्त्यावर नाव न देता प्रश्न पाठवत : आत्म्याविषयी, घोड्यांविषयी, लग्नाविषयी. उत्तरे 'अथेनियन सोसायटी' नावाची विद्वानांची सभा देते, असा बोभाटा होता. तरुण जोनाथन स्विफ्टने त्या सभेच्या स्तुतीपर कविता लिहिली. ती त्याची पहिली छापील कविता. प्रत्यक्षात ती सभा म्हणजे डंटन, गणित शिकवणारा रिचर्ड सॉल्ट, डंटनचा मेहुणा पाद्री सॅम्युएल वेस्ली आणि अधूनमधून मदत करणारा एखादा. पत्र १६९७ पर्यंत चालले.

यातली फसवणूक बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. वाचकाला उत्तर तपासता येत नव्हते, म्हणून उत्तरामागे एक सभा उभी करावी लागली. तज्ज्ञाच्या सल्ल्याची हीच अडचण आहे. ज्याला उत्तर तपासता येते त्याला ते विचारायची फारशी गरज नसते.

संगणकाच्या काळात या अडचणीवर निरनिराळे तोडगे निघाले. १९९६ साली सुरू झालेल्या 'एक्स्पर्ट्स एक्स्चेंज'ने उत्तर देणाऱ्यांना गुण दिले आणि पुढे उत्तरे वाचायला वर्गणी लावली. 'गुगल आन्सर्स'ने २००२ मध्ये निवडलेले संशोधक नेमले. प्रश्नकर्त्याने दोन ते दोनशे डॉलरांपर्यंत किंमत लावायची, तीन चतुर्थांश संशोधकाला. उत्तरे चांगली असत, पण २००६ अखेर ते बंद झाले. दक्षिण कोरियात २००२ मध्येच 'नेव्हर'ने 'नॉलेज इन' सुरू केले. तिथे नेमणूक नव्हती, कोणीही उत्तर द्यावे. त्याच वाटेने २००५ च्या डिसेंबरात 'याहू आन्सर्स' आले. ते ४ मे २०२१ ला बंद पडले तेव्हा पंधरा वर्षांची प्रश्नोत्तरे लोकांच्या डोळ्यांसमोरून नाहीशी झाली. हे वाचले तेव्हा आमची तीन वर्षे मला आठवली.

या सगळ्यांत सर्वाधिक अनुकरण झाले ते 'स्टॅक ओव्हरफ्लो'चे. जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी ते २००८ साली संगणक-प्रोग्रामरांसाठी काढले. आज बाजारात प्रश्नोत्तरांची म्हणून जी सॉफ्टवेअरे मिळतात, त्यांतली बहुतेक त्याच्या साच्यातली आहेत. म्हणून तो साचा समजून घेणे आवश्यक आहे.

साचा कसा चालतो

एक प्रश्न, त्याखाली अनेक उत्तरे. वाचक उत्तराला वरचे किंवा खालचे मत देतात आणि मतांप्रमाणे उत्तरे वर-खाली होतात. उत्तराला एक वरचे मत मिळाले की लिहिणाऱ्याच्या खात्यात दहा गुण. खालचे मिळाले की दोन वजा, आणि खालचे मत देणाऱ्याचाही एक गुण जातो, म्हणजे कोणी उगाच देऊ नये. पंधरा गुण झाले की वरचे मत देता येते, एकशे पंचवीस झाले की खालचे, दोन हजार झाले की दुसऱ्याचे लिखाण थेट सुधारता येते. शिवाय प्रश्नकर्ता एका उत्तरावर 'स्वीकारले' अशी हिरवी खूण करतो. त्याचे पंधरा गुण वेगळे.

ही रचना हुशारीची आहे. कोणाला तज्ज्ञ म्हणून नेमावे लागत नाही. वागणुकीतून तज्ज्ञ वर येतो. पण ती एका गृहीतावर उभी आहे आणि ते गृहीत कुठे लिहिलेले नसते. प्रोग्रामर उत्तर वाचतो, आपल्या संगणकावर चालवून पाहतो. चालले तर मत देतो. हिरवी खूण म्हणजे 'मला आवडले' नव्हे, 'माझ्याकडे चालले'. तिथेसुद्धा अडचण आलीच. आधी आलेल्या उत्तराला मते गोळा करायला जास्त वेळ मिळतो, मग ते वर राहते, वर राहिले म्हणून आणखी मते मिळतात. आणि प्रश्नकर्त्याने स्वीकारलेले उत्तर सगळ्यांत चांगले असेलच असे नाही, हे लक्षात आल्यावर २०२१ मध्ये त्यांनी ते नेहमी सर्वांत वर चिकटवून ठेवणे सोडले.

आता हाच साचा मोडीवर घाला. विचारणाऱ्याला मोडी येत नाही. येत असती तर विचारले नसते. त्याला उत्तर चालवून पाहता येत नाही. मत देणाऱ्यांपैकी बहुतेकांनाही येत नाही. मग ते कशाला मत देतात? भाषेला, आत्मविश्वासाला, लवकर आल्याला. चौदा पसंती अशा आल्या होत्या.

याहून वाईट म्हणजे प्रश्नकर्त्याचा उत्तरात स्वार्थ असतो. 'हा शब्द कुणबी आहे ना?' असे विचारणाऱ्यासमोर दोन उत्तरे असतील, एक 'होय' आणि एक 'अक्षर पुसट आहे, सांगता येत नाही', तर हिरवी खूण कुठे जाईल हे सांगायला नको. त्यात त्या माणसाचा दोष नाही. खूण त्याच्या हातात देणाऱ्याचा आहे. आरोग्याचा, कायद्याचा, वारसाहक्काचा सल्ला देणाऱ्या कोणत्याही प्रश्नोत्तरीला हे लागू आहे. म्हणून अशी प्रणाली निवडताना पहिला प्रश्न किमतीचा किंवा दिसण्याचा नसावा. विचारणाऱ्याला उत्तर स्वतः तपासता येते का, हा असावा. येत असेल तर मतांवर चालणारी प्रणाली उत्तम. येत नसेल तर ती बंद करता येणारी प्रणाली शोधावी.

मतांचे गणितही पाहण्यासारखे आहे. एका उत्तराला एकच मत आहे आणि ते वरचे. म्हणजे शंभर टक्के. दुसऱ्याला दहांपैकी नऊ वरची. म्हणजे नव्वद टक्के. सरासरीने लावले तर पहिले वर बसते, जे कोणालाच पटणार नाही. यावर विल्सन यांच्या नावाचे एक जुने संख्याशास्त्रीय सूत्र वापरतात. मते जितकी कमी तितका अंदाज सावध, असे ते सूत्र. त्याने ९५ टक्के खात्रीची खालची मर्यादा काढली तर पहिल्या उत्तराचे शंभराचे सुमारे २१ होतात आणि दुसऱ्याच्या नव्वदाचे सुमारे ६०. मी हे बँकेतल्या सवयीने कागदावर करून पाहिले. सूत्र चोख आहे. पण ते मते मोजते, मत देणाऱ्याला मोडी येते का हे मोजत नाही. पंधरा जाणकारांच्या गटात मतांची संख्या इतकी लहान राहते, की कोणतेही सूत्र त्यातून शहाणपण काढू शकत नाही.

निवडताना काय पाहिले

फुकट वापरता येतील आणि आपल्या सर्व्हरवर ठेवता येतील अशाच प्रणाली आम्ही पाहिल्या. 'क्वेश्चन-टू-आन्सर' ही पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालते, म्हणजे अगदी स्वस्त सामायिक होस्टिंगवरही बसते. 'आस्कबॉट' पायथनमधली आहे. 'डिस्कोर्स' मूळ चर्चेसाठी आहे, तीही ॲटवुड यांच्याच पुढाकाराने झाली. तिला उत्तरावर 'सुटले' अशी खूण जोडता येते, पण स्वतंत्र सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. 'कोडिडॅक्ट' ही स्टॅक एक्स्चेंजशी मतभेद झालेल्या मंडळींनी २०१९ नंतर उभी केली.

या सगळ्यांवर आम्ही एकच परीक्षा घेतली, आणि ती इंग्रजीत लिहिलेल्या तुलनातक्त्यांत कुठे सापडणार नाही. उत्तरात एक मोडी अक्षर टंकून पाहायचे. युनिकोडमध्ये मोडी लिपी २०१४ साली, सातव्या आवृत्तीत आली. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, मोडीला चार. मायएसक्यूएलमध्ये 'युटीएफ-८' नावाचा जो जुना प्रकार आहे तो तीन बाइटांपुढे जात नाही. चार बाइटांसाठी 'युटीएफ-८-एमबी-४' हा वेगळा प्रकार निवडावा लागतो. आम्ही पाहिलेल्या एका मांडणीत हा फरक केलेला नव्हता. एका आजोबांनी 'हे अक्षर असे वळते' म्हणून मोडी अक्षर टंकले, आणि त्या अक्षरापासून पुढचे सगळे उत्तर गायब झाले. इशारा नाही, काही नाही. आजोबा म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलं असेल." त्यांचे काही चुकले नव्हते. चूक अशा जागी असते आणि दोष म्हाताऱ्या माणसाकडे जातो, म्हणून हे सविस्तर लिहिले.

दुसरी परीक्षा शोधाची. 'ॲ' हे अक्षर एका चिन्हानेही लिहिता येते आणि दोन-तीन चिन्हे जोडूनही. 'ऱ्य' दोन तऱ्हांनी लिहिला जातो. 'अंत' आणि 'अन्त' यांचे तर विचारूच नका. डोळ्याला एकच शब्द, संगणकाला वेगळे. शिवाय ठरावीक लांबीपेक्षा छोटे शब्द शोधसूचीत घ्यायचेच नाहीत असा नियम असतो. मायएसक्यूएलच्या नेहमीच्या मांडणीत ती मर्यादा तीन चिन्हांची आहे. 'मौजे' डोळ्याला दोन अक्षरे, पण मात्रा वेगळ्या मोजल्या जातात म्हणून संगणकाला चार, तो सापडतो. 'सन' मात्र दोनच चिन्हांचा, तो सापडत नाही. जुने उत्तर सापडले नाही की तोच प्रश्न पुन्हा येतो, आणि थकलेली माणसे पुन्हा तेच उत्तर लिहितात. ही मर्यादा बदलता येते, मात्र त्यासाठी सर्व्हरची किल्ली आपल्या हातात असावी लागते.

तिसरी गोष्ट छायाचित्रांची. लोक पाठवतात त्या कागदांवर नावे, जाती, कर्जे असतात. ते छायाचित्र सगळ्या जगाला दिसावे की फक्त वाचणाऱ्यांना, हे ठरवता यायला हवे. चौथी गोष्ट सामान बाहेर काढण्याची. दर महिन्याला सगळी प्रश्नोत्तरे साध्या मजकुराच्या रूपात काढून घेता येतात का? ज्या प्रणालीत हे होत नव्हते ती बाकी कितीही चांगली असली तरी आम्ही सोडली. एकदा पोळलो होतो.

काय ठरले

शेवटी आम्ही स्वस्त होस्टिंगवर चालणारी साधी प्रणाली घेतली आणि एका ओळखीच्या तरुणाकडून तिच्यात बदल करून घेतले. मते काढून टाकली. हिरवी खूण प्रश्नकर्त्याकडून काढून घेतली. दोन वाचणाऱ्यांचे वाचन स्वतंत्रपणे जुळले तरच ती लागते, आणि पहिल्याने काय लिहिले हे दुसऱ्याला तोवर दिसत नाही. उत्तराचे तीन भाग केले : अक्षरशः वाचन, त्याचा अर्थ, आणि शंकेच्या जागा. चुकीचे ठरलेले उत्तर पुसत नाही. का चुकले ते त्याखाली लिहितो. शुहूर आणि हिजरीची गल्लत पुढच्या कोणाला वाचून टाळता यावी, यासाठी.

याची किंमतही आहे. मते नाहीत म्हणून तरुण उत्तरकर्ते कमी झाले. गुण मिळवण्यात गंमत असते आणि ती आम्ही काढून घेतली. उत्तराला आठवडा लागतो. काही लोक तेवढा वेळ थांबत नाहीत आणि संगणकाच्या बोलघेवड्या यंत्राला विचारतात. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्ये अशा यंत्राकडून लिहून घेतलेली उत्तरे टाकायला बंदी केली, कारण ती दिसायला बरोबर आणि पुष्कळदा चुकीची असत. आमचाही तोच नियम आहे, पण लोकांनी बाहेर कोणाला विचारावे यावर आमचा काही ताबा नाही.

सगळ्यांत उपयोगी ठरलेला बदल सर्वांत सोपा होता. गुरुजींची सवय होती, कागदाच्या समासात पेन्सिलीने 'लागत नाही' असे लिहायचे. पाहिलेल्या एकाही सॉफ्टवेअरमध्ये हे सांगायला जागा नव्हती. उत्तर द्या किंवा गप्प बसा, एवढेच. म्हणून आम्ही एक बटण केले : 'पाहिले, पण लागत नाही.' किती जाणकारांनी ते दाबले हे प्रश्नकर्त्याला दिसते. आपला कागद दुर्लक्षिला गेलेला नाही, अवघड आहे, एवढे त्याला कळते.

सातारच्या त्या बाईंना मी नव्या जागी पुन्हा छायाचित्र टाकायला सांगितले. दोघांनी वेगवेगळे वाचले, दोघांचाही मार्च १७६३ आला, खूण लागली. "स्मरणिका तर छापून झाली, ताई," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, पुढच्या वर्षीच्या अंकात दुरुस्ती छापायला सांगते. कागदाच्या तळाशी एक नाव आहे, ते त्यांना हवे आहे. कौल घेणारा तोच असावा. ते नाव अजून लागलेले नाही. बटणावर आज सहाचा आकडा आहे. त्यांतला एक मी दाबलेला.